एकशे अठरा अंशांवरची पायरी

सरांना आकडे दिसेनासे झालेत, हे मला एका रीडिंगमुळे कळलं. ओव्हन तापत होतं. व्होल्टमीटरच्या काळ्या काचेमागे लाल आकडे होते सात पॉइंट तेहतीस, आणि सरांनी वहीत लिहिलं सात पॉइंट अठ्ठ्याऐंशी. मी म्हणाले, "सर, तेहतीस आहे." त्यांनी खोडलं, नीट लिहिलं. पुढच्या मिनिटाला पुन्हा तिनाचा आठ झाला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तू लिही. मी घड्याळ बघतो." थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ते घड्याळही बघत नव्हते. मनातल्या मनात साठपर्यंत मोजत होते.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलेलं होतं. कॉलेजात त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी मूळची नातेपुत्याची. वडलांचं बाजारपेठेत बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि एम.एस्सी. झालेली घरातली मी पहिलीच. सरांनी मला शिकवलं होतं. नोकरी लागल्यावर त्यांच्या प्रयोगात मदत करत पुढे त्याच विषयावर मीही संशोधन करावं, असं आमचं ठरलं होतं.

सर छप्पन्न वर्षांचे होते. सगळी हयात शिकवण्यात गेली होती. पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेच मुळी पंचेचाळिशी उलटल्यावर. विभागप्रमुख त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि डॉक्टरेट मिळवलेले होते. त्यांच्या बोलण्यात "सर, तुमचं अजून चालूच आहे का?" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी यायचं. सर हसायचे. मला राग यायचा.

त्यांचं काम असं होतं. विभागाच्या मागच्या खोलीत काचेच्या बरण्यांमध्ये मिठासारख्या एका क्षाराचं द्रावण ठेवून ते स्फटिक वाढवायचे. एक चांगला स्फटिक तयार व्हायला दोन-दोन महिने लागत. मग त्याचा पातळ तुकडा कापायचा, काचेवर बारीक भुकटी टाकून तो घासायचा, घासता घासता मायक्रोमीटरनं जाडी मोजायची. सगळे तुकडे एकाच जाडीचे झाले पाहिजेत, केसभरही फरक नको. असा तुकडा ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवायचा आणि त्यातून किती वीज वाहते ते, वाटेत एक रोध घालून त्यावर लावलेल्या व्होल्टमीटरनं, दर मिनिटाला मोजायचं. सकाळी आठला सुरू केलं की संध्याकाळी पाचपर्यंत.

तापमान वाढेल तशी वीज वाढत जायची. आलेख सरळ वर चढायचा. पण एकशे अठरा अंशांवर तो अचानक खाली उतरायचा आणि तिथून पुन्हा चढायला लागायचा. सर त्याला पायरी म्हणायचे. थंड होताना तीच पायरी दोन-तीन अंश खाली दिसायची. स्फटिकाची आतली रचना एका तापमानाला बदलते तेव्हा असंच होतं, हे पुस्तकात होतं. या क्षाराच्या बाबतीत मात्र ते कुणी पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नवा डिजिटल व्होल्टमीटर आला आणि पहिल्याच महिन्यात सरांना ती पायरी दिसली. त्यावर त्यांचा एक छोटा लेख परदेशातल्या नियतकालिकात छापून आला होता. प्रबंध त्यावरच उभा होता. त्यांच्या मार्गदर्शकांचं एवढंच म्हणणं होतं की आणखी सहा तुकड्यांवर तेच करून दाखवा, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको.

सहा तुकडे म्हणजे सहा अख्खे दिवस, दर मिनिटाला एक आकडा. सरांना दिसत नव्हतं आणि मला रोज चार तास प्रॅक्टिकलं असत.

व्होल्टमीटरच्या पाठीमागे चोवीस पट्ट्यांचं एक सॉकेट होतं. त्यावरचं पत्र्याचं झाकण तीन वर्षांत कुणी काढलं नव्हतं. त्या सॉकेटातून दुसरं एखादं यंत्र मीटरला हुकूम देऊ शकतं, कुठली रेंज लावायची, कधी मोजायचं, आणि मीटर आकडा परत पाठवतो, असं मॅन्युअलमध्ये होतं. सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका प्रयोगशाळेत होता. त्यानं तिथलं टेबलावरचं गणनयंत्र आम्हाला सहा महिन्यांसाठी उसनं दिलं. टाइपरायटरएवढं होतं ते. एका ओळीचा पडदा, आकडे छापायला कागदाची अरुंद पट्टी आणि प्रोग्रॅम साठवायला छोटी कॅसेट. प्रोग्रॅम हा शब्द तोवर मला रेडिओचा आणि गॅदरिंगचाच माहीत होता.

यंत्र आलं, पण ते मीटरला जोडायची केबल आली नाही. ती वेगळी मागवायची होती. कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाला पत्र टाकलं, तर उत्तर आलं, आयातीचा परवाना लागेल, आठ ते दहा महिने धरून चाला. सरांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या गावचा एक माणूस होटगीला आहे. त्याला बोलावतो."

होटगी जंक्शनवर सिग्नलच्या दुरुस्तीत काम करणारे ते फिटर होते. चाळिशीचे, दणकट, बोटांवर काळे वण. सरांचं गाव अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे दोघं आपसात बोलताना मधेच कानडीत शिरायचे. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं ते आले, सॉकेटवर कार्बनपेपर आणि कागद दाबून त्याचा छापा घेतला आणि परत गेले. पुढच्या रविवारी येताना पिशवीतून एबोनाइटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा, तुकडा घेऊन आले. त्याला दोन्ही अंगांनी बारा-बारा पितळी पट्ट्या बसवलेल्या होत्या.

तारांना कथलाचा डाग देताना त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्या चोवीस तारा कशापायी? आमी दोन तारांवर आक्की मालगाडी थांबवतो की."

मी सांगितलं, "आठ तारांवरून आकडा जातो. तीन तारा नुसत्या विचारायला आणि उत्तर द्यायला आहेत. पाठवणारा म्हणतो, देऊ का? दुसरा म्हणतो, दे. आणि घेतलं की सांगतो, घेतलं. तोवर पहिला थांबून राहतो."

ते खूश झाले. "म्हंजी आमचा टोकनच की ह्यो! फुडच्या ठेसनानं हौदु, व्हय, म्हटल्याबिगर गाडी सोडायचीच न्हाय."

मी इतक्या दिवसांत मॅन्युअलमध्ये जे चाचपडत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. प्रोग्रॅम लिहिताना पुढे मी ते स्टेशनंच डोळ्यांसमोर ठेवली.

केबल झाली, पण मीटर काही बोलेना. प्रत्येक मीटरला त्याचा एक क्रमांक द्यावा लागतो, पाठीमागच्या इवल्याशा खटक्यांनी. त्या क्रमांकानं हाक मारली तरच तो ओ देतो, आणि त्यानं ओ दिली की पुढच्या बाजूला 'रिमोट' असं लिहिलेला दिवा लागतो. मी हाका मारत होते. पडद्यावर काहीतरी चुकल्याची खूण उमटायची, दिवा लागायचा नाही. आठवडाभर मी प्रोग्रॅम बदलत राहिले. खोलीत एप्रिलचा उन्हाळा होता, पंखा गरम हवा फिरवायचा आणि यंत्र तासाभरात इतकं तापायचं की बंद करून थांबावं लागे. सर स्टुलावर बसून असत. मी पुटपुटले की विचारत, "काय झालं?" मी म्हणे, "काही नाही सर."

चूक माझी नव्हतीच. तिसऱ्या रविवारी फिटरकाकांनी आपला प्लग हातात धरून दिव्याकडे केला, कागदावरचा छापा शेजारी धरला आणि कपाळाला हात लावला. "उलटं झालं बाई. छापा हाय की ह्यो. डावीकडचं समदं उजवीकडं आलंय."

चोवीस तारा सोडवून पुन्हा जोडल्या. मी हाक मारली आणि दिवा लागला.

"लागला?" सरांनी विचारलं.

"लागला सर."

"कोणता रंग?"

"पिवळा."

ते उठले, टेबलाच्या कडेला हात लावत मीटरजवळ गेले आणि काचेपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं "दिसला," म्हणाले. खरंच दिसला का, ते मला कळलं नाही.

त्यानंतर पुष्कळ काम होतं. गिरणीची पाळी सुरू व्हायच्या वेळेला वीज खाली जायची आणि आकडे उड्या मारायचे. मग मी प्रत्येक मिनिटाला पाच रीडिंगं घ्यायला लावून सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान टाकून द्यायला यंत्राला शिकवलं. रेंज बदलण्याचाही प्रश्न होता. सर हातानं मोजायचे तेव्हा दहा व्होल्टला मीटर भरला, म्हणजे आकडे पुढे मावेनासे झाले, की बटण दाबून वरची रेंज लावायचे. यंत्राच्या दोन फेऱ्यांमध्ये मिनिटाचं अंतर. तेवढ्यात मीटर भरून एखादं रीडिंग वाया जायला नको म्हणून मी जरा आधीच, आठ व्होल्टवर, रेंज बदलायचा हुकूम लिहिला. मला तो शहाणपणा वाटला होता.

पहिला पूर्ण दिवस आम्ही एका शनिवारी केला. सकाळी आठला मी एक बटण दाबलं आणि त्यानंतर मीटरला कुणी हात लावला नाही. दर मिनिटाला कागदाची पट्टी चर्र करून अर्धा इंच पुढे यायची. सर ते ऐकत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मीटरमध्ये टक् असा आवाज झाला. रेंज बदलली होती. मी पट्टी पाहिली. आकडा खाली उतरला होता. तापमापीवर एकशे नऊ अंश होते.

मी पट्टीवर लक्ष ठेवलं. एकशे अठरा आलं, आकडे निमूट वर चढत गेले. एकशे एकोणीस. एकशे वीस.

"आली का?" सरांनी विचारलं.

"आली सर."

"कितीवर?"

"एकशे अठराच्या आसपास."

मला वाटलं होतं, माझ्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलंय, ते सोमवारपर्यंत काढून टाकू आणि मग खरं रीडिंग देऊ. त्या क्षणी त्यांचा आनंद मोडायला जीभ वळली नाही, हेही खरं.

सोमवारी चूक सापडली नाही. मी आठच्या जागी नऊ व्होल्ट लिहिलं आणि सरांना "अजून तपासतेय" एवढंच सांगून दुसरा तुकडा तापवला. पायरी एकशे चौदावर आली. सहा लिहिलं, तर शंभराच्या खालीच. मी जिथे पाठवीन तिथे ती जात होती. शेवटी मी सुरुवातीपासूनच वरची रेंज लावून ठेवली आणि दिवसभर बदलूच दिली नाही. संध्याकाळी पट्टीवरचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. कुठेही पायरी नव्हती. एकच सरळ चढण, पट्टीनं ओढल्यासारखी.

मॅन्युअलच्या मागच्या पानांत एक तक्ता होता. दहा व्होल्टपर्यंतच्या रेंजवर मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्याच्या वरच्या रेंजवर थोडी खातो. आमच्या मांडणीत तेवढी थोडीशी वीजही आकडा खाली आणायला पुरेशी होती. मी तो तक्ता पूर्वी वाचला होता. सरांनीही वाचला होता. कुणीही वाचून पुढे गेलं असतं.

मी ती पट्टी गुंडाळून पर्समध्ये ठेवली. सगळ्यांत जास्त मला सलत होती ती तुकड्यांची जाडी. सरांनी इतक्या काळजीनं सगळे तुकडे एकसारखे घासले नसते, तर मीटर प्रत्येक वेळी वेगळ्या तापमानाला भरला असता, पायरी इकडेतिकडे पळाली असती आणि पहिल्याच महिन्यात त्यांना संशय आला असता. त्यांच्या काळजीनंच ती तीन वर्षं एकशे अठरावर उभी राहिली होती. थंड होताना खालची रेंज लावायला ते नेहमी जरा थांबायचे, म्हणून ती तेव्हा दोन-तीन अंश खाली.

आठ दिवस मी काही बोलले नाही. त्या आठ दिवसांत टायपिस्टनं प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण केलं. बाइंडरनं पुठ्ठ्यावर चढवायच्या कापडाचे नमुने पाठवले, ते सरांनी बोटांनी चाचपून पाहिले आणि त्यातला एक निवडला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन यायच्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकदा ते पुस्तक त्यांच्या हातात पडू दे गं. डोळ्यांचं काय व्हायचं ते होईल. पण स्वतःचं नाव तरी त्यांना वाचता येऊ दे." मी मान हलवली.

रविवारी फिटरकाका केबलला नवं वेष्टण लावायला आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. ते बराच वेळ हातातल्या तारेची गुंडाळी करत राहिले.

"काका, सांगू का सरांना?"

"मला इचारलं तर न्हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं सिग्नल खोटा पडला तर माणसं मरत्यात. हितं कोन मरनार हाय? त्यांचे डोळे जानार हायती, व्हय का न्हाय? मग ऱ्हाऊ द्या की तेवढं तरी."

मला तेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर बरं वाटलं नाही.

मंगळवारी सर खोलीत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "त्या शनिवारची पट्टी काढ. एकशे दहापासून पुढे वाच."

मी पट्टी काढली. वाचायच्या ऐवजी ती टेबलावर ठेवली. मग मी सांगितलं. आठ व्होल्ट, नऊ व्होल्ट, सहा व्होल्ट, वरची रेंज, तक्ता, सगळं. मधे एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "तुकडा आत आहे का?"

"आहे."

"मग लाव. तापू दे थोडं."

ओव्हन साठ अंशांवर आलं तेव्हा त्यांनी ते तिथेच धरून ठेवायला सांगितलं. साठ अंशांवर त्या स्फटिकात काहीही घडत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यांनी आपला उजवा तळवा मीटरवर ठेवला.

"वर," ते म्हणाले.

मी वरच्या रेंजचा हुकूम टाइप केला. मीटरमध्ये टक् झालं.

"रीडिंग?"

मी वाचलं. आकडा उतरला होता.

"खाली."

टक्. आकडा पुन्हा चढला.

"वर." टक्. "खाली." टक्. असं त्यांनी किती वेळा करायला लावलं ते मी मोजलं नाही. मग तोंडी हिशोब केला. "नऊ टक्के उतरतो. आपला रोध एक, मीटरचा दहा. नऊच यायला हवेत. बरोबर आहे." एखाद्या विद्यार्थ्याचं गणित तपासावं तसं म्हणाले.

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी 'आली' म्हणाले ते..."

"माहीत आहे. त्या दिवशी आवाज पाऊण तास आधी झाला होता."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं होतं की. तू आली म्हणालीस." ते पुढे म्हणाले, "मला तेवढं पुरलं. थोडे दिवस तरी पुरलं."

हात अजून मीटरवरच होता. "हा आवाज मी तीन वर्षं ऐकतोय," ते म्हणाले. "बटण दाबलं की हा आवाज यायचा आणि मी खूश व्हायचो. म्हणायचो, आता पायरी येणार."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि ते स्वतः रडलेही नाहीत. म्हणाले, "यंत्र बंद कर. फार तापलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टायपिस्टला निरोप पाठवला की पुढचं टाइप करू नका. मार्गदर्शकांना पत्र लिहून प्रबंध देणार नसल्याचं कळवलं. मग मला समोर बसवून त्या परदेशी नियतकालिकासाठी मजकूर सांगितला. अर्ध्या पानाचा. आधीच्या लेखातली एकशे अठरा अंशांवरची घट स्फटिकातली नाही, उपकरणाची रेंज बदलल्यामुळे आलेली आहे, वाचकांनी ती गृहीत धरू नये. खाली त्यांनी स्वतः सही केली. ती रेघेच्या बरीच वर गेली. मजकूर मिळाल्याचं छापील कार्ड दोन महिन्यांनी आलं. पुढे काही छापलं गेलं नाही. आम्ही आणखी दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर आलं नाही.

विभागप्रमुखांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "असं होतं कधी कधी." त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, तेवढं मला सांगायलाच हवं. पण त्या विषयात आता काही उरलं नाही म्हणून माझी पीएच.डी.ची नोंदणी झालीच नाही. यंत्र ठरल्यापेक्षा महिनाभर आधी पुण्याला परत गेलं. मी शहात्तर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यानं एकही चूक केली नव्हती. एका वहीत तो उतरवून ठेवला होता. ती वही पुढे माझ्याकडूनच कुठे गेली, सांगता येणार नाही. मागच्या खोलीत परीक्षेची बाकं रचून ठेवली.

सरांनी निवृत्तीला दोन वर्षं असताना नोकरी सोडली. मी घरी जात असे. काकू दार उघडायच्या, पाणी द्यायच्या आणि आत निघून जायच्या. एकदाच बोलल्या, "तुला गप्प बसता आलं नाही का गं?" सर असं म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं. सर कधी म्हणाले नाहीत. ते प्रयोगाबद्दलच बोलेनासे झाले होते. मी गेले की पेपर वाचून दाखवायला सांगायचे, आणि दोन पानं वाचून झाली की, "बस, दमली असशील," म्हणायचे. वर्षभरात त्यांची नजर पूर्ण गेली.

मला बार्शीच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली, तिथेच लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी एका शिबिरासाठी पुण्याला गेले असताना तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड संदर्भग्रंथ हाती लागला. त्यात निरनिराळ्या स्फटिकांची रचना कुठल्या तापमानाला बदलते त्याचे तक्ते होते. आमचा क्षार त्यात होता. पुढे एकशे अठरा अंश आणि संदर्भ म्हणून सरांचं नाव. मी त्या ओळीवर बोट ठेवून किती तरी वेळ बसले. इतक्या पुस्तकांमध्ये त्यांचं नाव छापलेलं ती एकच जागा असेल, आणि तीही जी गोष्ट गृहीत धरू नका असं त्यांनी तीन वेळा लिहिलं होतं, तिच्यासाठी.

परत जाताना वाट वाकडी करून सोलापूरला उतरले आणि सरांना सांगितलं. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते.

"छापलं होय," ते म्हणाले. मग, "त्यांना लिही तू."

"लिहिते सर."

बार्शीला आल्यावर मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. त्याचं काही झालं नाही. दुसरं लिहीन म्हणत राहिले. घरात सासऱ्यांचं आजारपण होतं, कॉलेजात परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर आपलं पत्र कुणी वाचेल असं मला वाटतच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात सर गेले. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. काकूंना भेटायला गेले तेव्हा घराला कुलूप होतं. त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, आणि मुलीचा पत्ता शेजाऱ्यांना माहीत नव्हता.